स्वतःपेक्षा उंच माणूस

सोमवार, ४

जुनी वही संपली तेव्हा ठरवलं होतं की आता पुरे, सत्तरीला टेकलेल्या बाईने स्वतःशी किती बडबड करायची. पण चार दिवस न लिहिता गेले आणि काहीतरी अडकून बसल्यासारखं वाटायला लागलं. आमचे हे म्हणाले, "लिही बाई, नाहीतर ते सगळं मला ऐकावं लागतं." म्हणून ही नवी वही.

भाचीचं व्याख्यान पुढच्या मंगळवारी, १२ तारखेला. संगणकशास्त्र विभागातली मंगळवारची व्याख्यानं मला घरच्यासारखी आहेत. भाची इथे शिकायला आली आणि तिची पानं मी बघायला लागले तेव्हापासून, गेली पाच वर्षं मी तिसऱ्या रांगेत भिंतीकडची खुर्ची धरून बसते आणि कोणी हटकत नाही. पण हे व्याख्यान वेगळं. तिची तीन वर्षांची नेमणूक या महिनाअखेरीस संपतेय. पाच जणांची समिती आधी तिचा निबंध वाचणार, मग व्याख्यान ऐकणार, आणि ठरवणार की पोरीला कायम करायचं की नारळ द्यायचा. कायम झाली तर ती इथेच, आमच्या मागच्या खोलीत, तिच्या फळ्यासकट. नाही झाली तर तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, टपूनच बसलीय. तिच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवंय, आणि हे नावांचं खूळ पोरीच्या डोक्यातून एकदाचं जावं असं तिला फार वाटतं.

नावांचं खूळ म्हणजे काय, ते मला कळलंय तसं लिहून ठेवते. नाटकगृहात कोट ठेवायला दिला की सात नंबरचा बिल्ला मिळतो. त्या खेळापुरता सात म्हणजे आपला कोट. सातऐवजी एकवीस मिळाला असता तरी कोटाला काही थंडी वाजली नसती. अशा कामापुरत्या नावाला ती बांधलेलं नाव म्हणते. ते बदललं तरी चालतं. पण बदलून जो नंबर घेतला त्यावर आधीच दुसऱ्याचा कोट टांगलेला असेल तर मी भलत्याचा कोट घालून घरी येणार. यंत्रं हा घोटाळा करतात, माणसंही करतात. तो होऊ नये म्हणून कोणते नियम पाळायचे, आणि तेवढे नियम पुरतात याची खात्री काय, हे ती सिद्ध करते.

मी हे कुठल्या वर्गात बसून शिकले नाही. एकतीस वर्षं गणिताच्या पुस्तकांच्या छापखान्यात खिळे जुळवले. कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे समजल्याशिवाय ओळ लागत नाही, म्हणून समजून घेतलं. त्यातच गोडी लागली.

मंगळवार, ५

भाचीने निबंधाची बावीस पानं दिली. "मावशी, उद्या चारच्या आत समितीकडे जायला हवं. मांडणी, कंस, अक्षरं, सगळं एकदा बघ. मी अजून शेवटचा भाग लिहितेय."

सकाळपासून तेच. चार कंस मिटायचे राहिले होते, ते मिटवले. एका वाक्यात क्रियापदच नव्हतं, ते बहुतेक तिच्या डोक्यात राहिलं असावं. आणि पान सातवर एकदम एक झ उगवतो, चार ओळींपुरता. क्ष आणि य वर सगळं निभत असताना हा तिसरा पाहुणा कशाला? आमच्या छापखान्यात त्या अक्षराचे खिळे होते फक्त चौदा. फोरमन म्हणायचे, कंस मिटला की अक्षर मोकळं, उचला आणि पुढे लावा, श्रीमंती दाखवू नका. हाताला तेच वळण आहे. त्या चारही ओळींमध्ये य कुठेही नाही हे मी दोनदा बघितलं, बोट ठेवून बघितलं. मग चारही जागी झ काढून य बसवला, समासात पेन्सिलीने खूण केली आणि संगणकातही बदललं. पान कसं सुटसुटीत झालं. ऐकणाऱ्याला एक नाव कमी लक्षात ठेवायचं.

सांगायला गेले तर ती दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती. "अक्षरं तू बघ ना गं. मला नको सांगूस आत्ता." बरं, म्हटलं.

बुधवार, ६

निबंध तीन चाळीसला गेला. वीस मिनिटं राखून. भाची आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तुझ्याशिवाय झालं नसतं." मला दिवसभर तेच आठवून बरं वाटतंय.

मंगळवार, १२

काय लिहू.

हॉल भरला होता. समितीचे पाचही जण पहिल्या रांगेत. त्यातले चार विभागातले, पाचवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेला म्हातारा प्राध्यापक. त्याला सगळे कात्री म्हणतात. ऐकताना त्याची दोन बोटं सारखी उघडमीट करतात, आणि उघडमीट थांबली की समजायचं काहीतरी कापलं जाणार.

भाचीने सुरुवात छान केली. हशा दोनदा झाला, दोन्ही वेळा तिला हवा तिथे. पाऊण तास झाला आणि कात्रीची बोटं थांबली.

"पान सात, ओळ अकरा. वाचता का जरा?"

भाचीने निबंध उघडला. "कोणीतरी य आहे, जो प मधल्या सगळ्यांपेक्षा उंच आहे."

"आणि प मध्ये कोण कोण आहेत?"

"पान तीनवर दिलंय. य आणि इतर…" एवढं बोलून तिचा आवाज मधेच थांबला.

"म्हणजे तुमचा य स्वतःपेक्षा उंच आहे," कात्री म्हणाला. "त्याच्या शिंप्याची मला काळजी वाटते."

हॉल हसला. वाईट मनाने नव्हे, पण हसला. भाची हातातल्या पानाकडे अशी बघत राहिली, जणू ती ओळ तिने नाही, दुसऱ्याच कोणी लिहिली होती. मला वाटलं आता ती उलटून काहीतरी म्हणेल. तिला उत्तरं सुचतात, पटकन सुचतात. पण तिने पान बारकाईने बघितलं, मग एकदा, अगदी क्षणभर, तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आधार शोधत असावी. मी मान हलवली, घाबरू नकोस म्हणून.

"ही ओळ चुकीची आहे," ती म्हणाली. "आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मला वेळ हवाय."

विभागप्रमुख बाईंनी समितीशी कुजबुज केली. आठ दिवस दिले. २० तारखेला पुन्हा उभं राहायचं, तोवर प्रमेय उभं राहिलं तर ठीक.

घरी आल्यावर चप्पलही न काढता ती आत गेली.

बुधवार, १३

त्या कात्रीचा राग येतो. चूक दाखवायची तर दाखव, शिंप्याचं कशाला काढायचं.

पण मनाला खातंय ते वेगळंच. इतकी साधी चूक हिच्या हातून झालीच कशी? प मध्ये य आहे हे तिनेच पान तीनवर लिहिलंय. मग सातवर त्याच य ला वर चढवायचं? दमली असेल. मी तिला आधी झोपायला पाठवायला हवं होतं.

एकदा मनात आलं की पान सातला मी काही हात लावला होता. पण मी बदललं तेव्हा त्या ओळीत य नव्हता, दोनदा बघितलं होतं. तेव्हा ते माझं नाही.

गुरुवार, १४

धाकटीचा फोन. "काय म्हणते विदुषी?"

"काम करतेय."

"मग काय ठरलं? मी इकडे दुसरी मुलगी ठेवू का थांबू?"

"तू कोणालाही ठेव, पण पोरीला आत्ता फोन करू नकोस."

"तिला मी फोन करायचा नाही, तिला मी काही विचारायचं नाही. ताई, ती माझ्या पोटची आहे, तुझ्या छापखान्यातली नाही." आणि ठेवला. धाकटी बोलते असं, पण तिचाही जीव टांगणीला लागलाय, आवाजावरून कळतं.

माझी ती पेन्सिलीच्या खुणांची पानं सापडत नाहीत. टेबलाच्या खणात ठेवली होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी घड्याळांशिवाय कशाला हात लावत नाही." भाचीला विचारायला मागच्या खोलीत डोकावले. ती फळ्यापाशी होती. माझी चाहूल लागली तशी फळ्यावरच्या मजकुरासमोर सरकून उभी राहिली. "काही हवंय मावशी?" आवाज साधाच, पण परक्या माणसाशी बोलावं तसा. मी म्हटलं, "नाही गं, सहज." जेवताना दोन घास खाऊन उठली.

इतकी कुढतेय की माझ्या तोंडाकडे बघवत नाही तिला.

शनिवार, १६

हे खिडकीपाशी बसून कोणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ उघडत होते. शेजारी त्यांच्या पत्र्याच्या डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी त्यांना कात्रीची तक्रार सांगत होते, पाचव्यांदा. "ओळीत य नव्हता, मी स्वतः बघितलं होतं, मग कात्रीला तो दिसला कुठून?"

ते मान वर न करता म्हणाले, "तू बघितलंस म्हणजे ओळीत बघितलंस. त्या प मध्ये बघितलंस का?"

"प म्हणजे प. एक अक्षर."

"ही बघ डबी. वर लिहिलंय 'बारीक स्क्रू'. आत काय आहे ते चिठ्ठी वाचून कळतं का? परवा हिच्यात मला माझा दात सापडला."

मी हसले. हसता हसता थांबले.

उठून संगणक लावला. पाच तारखेच्या सकाळची तिची मूळ प्रत तशीच होती. पान सात, ओळ अकरा: कोणीतरी झ आहे, जो प मधल्या सगळ्यांपेक्षा उंच आहे. झ. बाहेरचा कोणीतरी, म्हणून ओळ बरोबर. य माझा. प हा तिने घातलेला डबा, य त्याच्या पोटात, आणि मी झाकणावरचं अक्षर वाचून पुढे गेले. एकतीस वर्षं मी अक्षरं बघत आले, अक्षरांच्या आत काय भरलंय ते बघायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. छापखान्यात ते बघणारा दुसरा माणूस असायचा.

पोरीचं सगळ्यांसमोर हसं करून ठेवलं ते मी.

रविवार, १७

ह्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग, "तिला सांग."

"तिला सांगितलं तर तिला वाटेल—"

"तिला काय वाटेल ते तिला वाटू दे. तू तिचं वाटून घेऊ नकोस."

सकाळी चहा घेऊन गेले. "पोरी, मला तुला एक—"

"मावशी, आत्ता नको. खरंच नको." तिने कपही घेतला नाही, खिडकीकडे बोट दाखवलं, तिथे ठेव म्हणून. डोळ्यांखाली काळं झालंय. मी कप ठेवला आणि आले. खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली.

दुपारभर विचार केला. तिला सांगून तिची आणखी एक सकाळ नासवण्यात काय अर्थ आहे? सांगायचं तर जिथे उपयोग होईल तिथे. उद्या प्रमुखबाईंकडे जाते. मूळ प्रत दाखवते. चूक माझी, पोर निर्दोष, तिचं प्रमेय मुळात धडधाकट. विषय संपला.

सोमवार, १८

विषय संपला असं काल लिहिलं होतं. माझ्या शहाणपणाला काय म्हणावं.

प्रमुखबाई चांगल्या आहेत. मला बसवलं, दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं, दोन प्रती समोर ठेवल्या, झ ची आणि य ची. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"मावशी, निबंधाच्या शेवटी सही कोणाची आहे?"

"तिची."

"मग समितीसाठी चूक तिची. बदल तुम्ही केला असेल, कागद तिने दिला. हे कठोर वाटेल, पण ते असंच असायला हवं."

"पण मूळ ओळ तर बरोबर होती ना. तुम्हीच बघा."

त्या बघत राहिल्या. मग पान तीन उलटून पुन्हा सातवर आल्या.

"प मध्ये 'य आणि इतर'. हे इतर कोण?"

"कोणीही. ती म्हणते कोणीही चालेल."

"मग त्या इतरांमध्ये झ नाही, हे तिने कुठे सांगितलंय?"

मी पानं चाळली. बावीसही. कुठेच नव्हतं. झ आपला नवा दिसतो म्हणून नवा. मीही तो पाहुणाच समजले होते, तिच्यासारखाच.

"आणि इतरांमध्ये जगातली सगळीच नावं आली," बाई हळू म्हणाल्या, "तर नवा माणूस आणणार कुठून?" मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या य मुळे हे झाकलं गेलं होतं. आत्तापर्यंत समितीत हे कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं."

आत्तापर्यंत.

त्या म्हणाल्या, मी माझ्याकडून कोणाला सांगणार नाही, पण बुधवारी मला विचारावं लागेल. ते मला कळतं. जिन्यावर कठड्याला धरून उभी राहिले.

मंगळवार, १९

काल दुपारी घरी येऊन सरळ मागच्या खोलीत गेले. या वेळी तिने 'नको' म्हणायच्या आधी बोलून टाकलं. "पान सातवरचा य माझा आहे."

ती फळ्याकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. "माहितीय."

"कधीपासून?"

"मंगळवारी उभी होते तेव्हापासून." तिने फायलीतून माझी पेन्सिलीच्या खुणांची पानं काढून टेबलावर ठेवली. "घरी आले आणि पहिल्यांदा ही उचलली."

"मग बोलली का नाहीस? चार दिवस मी त्या कात्रीला शिव्या घालत होते."

"काय बोलू? 'अक्षरं तू बघ' मीच म्हटलं होतं. तू सांगायला आलीस, मी ऐकलं नाही. आणि बोलले असते तर…" ती थांबली. "मावशी, मी रागावले नव्हते असं नाही. फार रागावले होते. तोंड उघडलं असतं तर आयुष्यभर तुझ्या लक्षात राहील असं काहीतरी निघालं असतं. म्हणून गप्प."

मी पलंगाच्या कडेला बसले. ती म्हणाली, "आणि मी आपला झ परत बसवून मोकळी होणार होते. बसवलाही. मग वाटलं, कात्रीने विचारलं की हा झ तरी कशावरून बाहेरचा, तर काय सांगशील? उत्तर नव्हतं. तेव्हापासून तेच चाललंय. निदान एवढं बरं की हे भोक अजून कोणाला दिसलेलं नाही."

मी म्हटलं, "मी प्रमुखबाईंना दाखवून आले."

तिने खडू खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, सही, इतर, जगातली सगळी नावं. मधे एकदाही तिने अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू माझी बाजू मांडायला गेलीस."

"हो."

"पुराव्यासकट."

"हो गं."

ती हसली नाही, ओरडलीही नाही. "मावशी, मला एकटीला राहू दे. आणि दार लावून घे." दार लावताना कडीचा आवाज होऊ नये म्हणून मी किती जपलं.

आज दिवसभर दार बंद. जेवण दाराशी ठेवलं, ताट रिकामं बाहेर आलं, एवढाच काय तो दिलासा. पाच वाजता ती बाहेर आली. हातांना कोपरापर्यंत खडू.

"वाचवता येत नाही," ती म्हणाली. "सगळं नाही वाचवता येत. कापावं लागेल. 'इतर' च्या जागी 'मोजकेच इतर'. डब्यात नावं मोजकी असली तर बाहेर एक तरी नवं नाव कायम उरतं, मग तो झ खरोखर बाहेरचा. जिथे डब्यात सगळीच नावं भरलीत तिथे माझं प्रमेय लागू नाही."

"म्हणजे किती गेलं?"

"अर्धं. जे अर्धं कात्रीला आवडलं असतं तेच." मग माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली. "आता एक वचन दे. उद्या हॉलमध्ये काही झालं तरी तू उठून बोलायचं नाहीस. हे मी केलं, ते मी केलं, काही नाही."

"आणि ते तुला घालूनपाडून बोलले तर?"

"तर मला बोलतील."

दिलं वचन. हे आतून ऐकत होते. म्हणाले, "मी शेजारी बसतो. उठली तर पदर धरून ठेवीन."

बुधवार, २०

दोन वाजता. हॉल मागच्यापेक्षा भरलेला. माणसं चांगलं बघायला येतात, पण पडझड बघायला जास्त येतात.

भाचीने फळ्यावर पहिली ओळ लिहिली ती य ची, चुकीची. "गेल्या वेळी हे होतं." खाली झ ची. "त्याआधी हे होतं. पहिली खोटी आहे. दुसरी खरी आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं."

कात्री म्हणाला, "पण हा य आला कुठून?"

माझे दोन्ही हात मांडीखाली होते. ह्यांनी माझ्या पदराचं टोक खरोखरच मुठीत धरलं होतं.

"अक्षर बदलताना आला," भाची म्हणाली. "बदललेलं पान मी पुन्हा वाचलं नाही."

एवढंच. मला वाटलं होतं खोटं बोलेल नाहीतर माझं नाव घेईल. दोन्ही केलं नाही, आणि यात खोटं काहीच नव्हतं. गप्प बसणं मला आयुष्यात इतकं जड कधी गेलं नव्हतं. उठून 'मी, मी केलं' म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं, हे तेव्हा कळलं. मोकळी मी झाले असते. ती नाही.

मग प्रमुखबाईंनी तोच प्रश्न विचारला, जगातल्या सगळ्या नावांचा. भाची म्हणाली, "तिथे माझं उत्तर नाही. तो भाग मी मागे घेते." आणि मोजक्या नावांचा पुरावा पायरीपायरीने मांडला. एक तास. प्रत्येक नव्या नावापाशी थांबून, हे नवं आहे हे कशावरून, ते सांगून. कात्रीची बोटं एकदाही थांबली नाहीत.

शेवटी तो म्हणाला, "अर्धं गेलं."

"हो," ती म्हणाली. "उरलेलं खरं आहे."

बाहेर व्हरांड्यात तो माझ्यापाशी आला. एरवी मी तोंड फिरवलं असतं. ह्यांच्या मुठीत अजून माझा पदर होता, त्याकडे त्याने एकदा बघितलं. "तुम्ही खिळे जुळवायचात म्हणे."

"एकतीस वर्षं."

"माझ्या पुस्तकात हीच चूक तीन जागी आहे. पहिल्या आवृत्तीत, दुसऱ्या आवृत्तीत, आणि दुरुस्त केलेल्या तिसऱ्या आवृत्तीत." त्याने टोपी चढवली. "आणि मला मावशीही नव्हती." गेला. या माणसाला आता मी काय म्हणायचं ते ठरवावं लागेल.

शुक्रवार, २२

पत्र आलं. कायम नाही.

एक वर्षाची मुदतवाढ, पुढच्या वर्षी नव्या निबंधावर पुन्हा विचार. कारण लिहिलंय: सादर केलेला मूळ निबंध आणि सिद्ध झालेलं प्रमेय एक नाहीत. पाचांपैकी तिघे या मताचे. कोण तिघे ते लिहिलेलं नाही.

ती पत्र वाचून घडी घालून म्हणाली, "नारळ नाही मिळाला."

"माझ्यामुळे—"

"थांब. तुझ्यामुळे काय आणि माझ्यामुळे काय, हे मी या आठवड्यात पुरेसं वेगळं केलंय. य तुझा, इतर माझे. जाऊ दे." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण पुढच्या निबंधाची पानं मी तुझ्याकडे नाही देणार."

बरोबर आहे, म्हटलं. बरोबरच आहे. तरी आत काहीतरी तुटलं, ते लिहायला हरकत नाही. एकतीस आणि पाच, छत्तीस वर्षं कोणी ना कोणी माझ्या हातात पानं देत आलंय.

धाकटीला फोन केला. ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "एक वर्ष म्हणजे एक वर्ष. मी दुसरी मुलगी ठेवते." आणि मग, "नीट जेवते ना ती?"

रविवार, २४

सकाळी अकराच्या सुमाराला मागच्या खोलीतून हाक. गेले तर तिने फळ्यासमोर स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवलेली.

"बस. पेन्सिल खाली ठेव."

"पेन्सिल नाहीये माझ्याकडे."

"कानावर आहे."

होती. ठेवली.

"हे पुढच्या वर्षाचं," ती म्हणाली. "मी बोलते, तू ऐक. काही बदलायचं नाही, काही सुचवायचं नाही. जिथे तुला कळणार नाही तिथे फक्त म्हण की कळलं नाही."

"आणि माझ्या मूर्खपणामुळे कळलं नसेल तर?"

"तरी म्हण. ते कोणाचं आहे ते मग बघू."

तिने सुरू केलं. जगातल्या सगळ्या नावांनी भरलेल्या डब्याचंच होतं, जे अर्धं तिने कापून टाकलं होतं तेच. पहिल्या तीन ओळी माझ्या ध्यानात आल्या. चौथीला तिने एक नवं अक्षर घेतलं आणि पुढे निघाली. हात शिवशिवले. ओठांवर दोन सूचना येऊन बसल्या होत्या, त्या गिळल्या.

"कळलं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"हे आत्ता आलं ते. हे कुठून आलं ते कळलं नाही."

ती सांगायला वळली. तोंड उघडलं. मग चौथ्या ओळीकडे बघत तशीच उभी राहिली, खडू हवेत. बाहेर ह्यांनी कुठलंसं घड्याळ चालू केलं होतं आणि ते चुकीच्या वेळी वाजायला लागलं, नऊ, दहा, अकरा, बारा. तिने डस्टर घेतलं, चौथी ओळ पुसली, आणि पुसलेल्या जागेकडे बघत म्हणाली, "थांब हं मावशी. उठू नकोस."

मी बसून राहिले.